मंडळीचा महिना आणि गावाचे गावपण

वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तुळजापूर आणि बोरखेडी यांच्या मध्ये सिंदी हे स्थानक लागते. वर्धा शहराला लागूनच सिंदी (मेघे) नावाचे दुसरे गाव असल्यामुळे या गावाच्या नावापुढे 'रेल्वे' हा शब्द कंसात कायमचा बसला. कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणाऱ्या शिवारातले हे गाव विदर्भात ओळखले जाते ते तान्ह्या पोळ्यासाठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी नंदी सजवून रस्त्यावर आणतात, त्यांच्या मागे घरेच्या घरे बाहेर पडतात आणि त्या दिवसापुरते सगळे गाव एकत्र येते. हिंदू समाजाची ही शक्ती फार मोठी आहे. कोणाची सदस्यता नाही, कोणाची वर्गणी अडून राहत नाही, कोणी हजेरी घेत नाही. तरीही गाव जमते. परंतु सण सरला की उरलेल्या वर्षात एकमेकांच्या घरी जाण्याचे निमित्त किती उरते, हा प्रश्न सिंदीलाच नव्हे, तर विदर्भातील प्रत्येक गावाला विचारण्याजोगा आहे.

या प्रश्नाच्या निमित्ताने एका वेगळ्या समूहाकडे पाहणे उद्बोधक ठरेल. नागपूर-वर्धा पट्ट्यात प्रोटेस्टंट ख्रिस्ती समाज संख्येने अल्प आहे. त्यांच्या लहान लहान उपासक समूहांना मराठीत 'मंडळी' असा सुरेख शब्द आहे. लहान मंडळीचा महिना साधारणपणे एका ठरलेल्या क्रमाने चालतो. दर रविवारी उपासना असते. महिन्यातील एका रविवारी, बहुधा पहिल्या, प्रभुभोजनाचा विधी होतो. मधल्या वारी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा भरते. आज या घरी, तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या घरी. स्त्रियांची वेगळी बैठक असते, मुलांसाठी रविवारची शाळा असते. पाळक आणि पंचकमिटी महिन्याचा जमाखर्च पाहतात. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोण दोन रविवार दिसले नाही, याची विचारपूस होते आणि कोणीतरी त्या घरी जाऊन येते. उपासनेनंतरच्या चहाला जितका वेळ लागतो, तितका कधी कधी प्रवचनालाही लागत नसेल.

या वर्णनात अद्भुत असे काहीच नाही. पण वर्षानुवर्षे न चुकता चाललेल्या या साध्या क्रमामुळे पंधरा-वीस घरांचा समूहही स्वतःला एकाकी समजत नाही.

अशा मंडळीकडे पाहण्याच्या दोन सवयी हिंदू समाजात आढळतात. एक सरसकट संशयाची आणि दुसरी सरसकट दुर्लक्षाची. पहिली सवय प्रत्येक प्रार्थनासभेत धर्मांतराचा कट पाहते. दुसरी, धर्मांतराचा प्रश्न अस्तित्वातच नाही असे मानून मोकळी होते. दोन्ही सवयी विचाराचे कष्ट टाळणाऱ्या आहेत. या भूमीचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर अधिक नेमका निकष हाती लागतो.

स्वदेशी ख्रिस्तीपणाचा शोध

स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाद्री स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपुरात आले. त्यांच्या धर्मप्रसाराशी हिंदू समाजाचा मतभेद होता आणि राहील. परंतु गोंड समाजाची भाषा, गीते आणि चालीरीती त्यांनी परिश्रमपूर्वक टिपून ठेवल्या, हेही नमूद केले पाहिजे. सिंदीपासून फार दूर नसलेल्या टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना 1863 साली बोरीजवळच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. ज्या भूमीला बदलायला ते आले, तिचा अभ्यास करतानाच त्यांचा शेवट झाला. मात्र त्यांच्यामागे उभे राहिलेले मिशनचे तंत्र परदेशी होते. पैसा तिकडून येई, धोरण तिकडे ठरे आणि इथला ख्रिस्ती माणूस वेतनावरचा सेवक राही.

या तंत्राविरुद्ध पहिला सणसणीत आवाज उठवला तो एका मराठी कवीने. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1890 च्या दशकाच्या आरंभी नागपुरात होते. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे धर्मांतर हा त्या काळी महाराष्ट्राला बसलेला धक्का होता. परंतु टिळकांनी नाव बदलले नाही आणि भाषाही बदलली नाही. परदेशी चालींवर बेतलेल्या गीतांच्या जागी त्यांनी अभंग आणि भजने रचली, ख्रिस्ती कीर्तने केली. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे ते उघडपणे सांगत. शेवटी 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात स्थान होते. 1919 साली त्यांचे निधन झाले आणि ते कार्य अपुरे राहिले. पण आजही मराठी मंडळ्यांत रविवारी जी भजने म्हटली जातात, त्यांतली कितीतरी टिळकांची आहेत. महिन्यातून चार वेळा ज्या माणसाच्या ओठी ओवी-अभंगाचा छंद येतो, त्याला या मातीपासून तोडणे कोणत्याही परकीय संस्थेला सोपे नाही.

दुसरे उदाहरण खुद्द वर्ध्याचे आहे. 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून ज्यांनी उभे केले, ते जे. सी. कुमारप्पा हे तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातले. तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन यांत ते रमले. परकीय राज्यकर्त्यांची बाजू घेणाऱ्या धर्माधिकाऱ्यांना त्यांनी जाहीरपणे जाब विचारला. जबलपूरच्या तुरुंगात असताना त्यांनी येशूच्या शिकवणुकीवरही लिहिले आणि गावाच्या अर्थकारणावरही. ख्रिस्तावरील श्रद्धा आणि राष्ट्रावरील निष्ठा यांत त्यांना कधी ओढाताण जाणवली नाही. कारण त्यांच्या श्रद्धेचा हिशेब परदेशातील कोणत्याही कार्यालयात मांडला जात नव्हता.

जमाखर्चाची वही

'हिशेब' हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. 1954 साली तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. त्या वेळी वर्धा जिल्हाही त्याच राज्यात होता. समितीचा अहवाल 1956 साली आला. धर्मांतरासाठी होणारा परकीय पैशाचा आणि सेवाकार्याचा वापर हा त्यातला भाग सर्वांना ठाऊक आहे. त्याच अहवालातील दुसरी शिफारस मात्र फारशी कोणी आठवत नाही. भारतीय ख्रिस्ती समाजाने परकीय मदतीवर न विसंबता आपले एक संयुक्त, स्वतंत्र चर्च उभारावे, असे समितीने सुचवले होते. म्हणजे समितीचा आक्षेप उपासनेला नव्हता, परावलंबनाला होता.

त्यानंतर चौदा वर्षांनी, 29 नोव्हेंबर 1970 रोजी, नागपुरातच सहा प्रोटेस्टंट पंथांनी एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन केले. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्तिस्त, मेथडिस्ट अशी विलायतेतल्या भांडणांतून जन्मलेली नावे मागे पडली. या एकीकरणाची चर्चा नियोगी समितीच्या आधीपासूनच चालू होती, त्यामुळे त्याचे श्रेय समितीला देण्याचे कारण नाही. परंतु दिशा तीच होती. स्कॉटलंडमध्ये कोण कोणापासून का वेगळे झाले, याचे ओझे विदर्भातील शेतमजुराने का वाहावे, हा प्रश्न ख्रिस्ती समाजातील विचारी माणसांनाही पडला होता.

म्हणून लहान मंडळी या गावाची आहे की नाही, हे ठरवण्यासाठी दोन गोष्टी पाहाव्यात. तिची गीते कोणत्या भाषेत आहेत आणि तिची जमाखर्चाची वही कोणाच्या नाण्यावर चालते? मिझोराममध्ये गृहिणी रोजच्या स्वयंपाकातून मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. ही प्रथा 1910 पासून चालत आली आहे आणि तिच्यातून तेथील मंडळ्यांनी आपला मोठा खर्च स्वतः पेलला आहे. ज्या मंडळीचा पाळक गावच्याच वर्गणीवर राहतो, जिच्या छपराचा पत्रा सदस्यांच्या पैशातून बदलला जातो, तिला कोणाला आकडे कळवायचे नसतात. महिन्याला किती 'आत्मे' मिळाले, हे विचारणारा वरिष्ठ तिला नसतो. ती शेजाऱ्याशी शेजारी म्हणून वागू शकते. याउलट परदेशी निधीवर रातोरात उभी राहणारी, आजाराच्या आणि दारिद्र्याच्या क्षणी चमत्काराचे आमिष दाखवणारी, कुलदैवतांची निंदा करणारी जी केंद्रे अलीकडच्या काळात दिसतात, त्यांची तऱ्हा वेगळी आहे. त्यांच्यामुळे जुन्या, शांत मंडळ्यांनाही विनाकारण संशय सोसावा लागतो.

संविधानाच्या 25 व्या कलमाने प्रत्येकाला उपासनेचे स्वातंत्र्य दिले आहे. 1977 साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, धर्मप्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मानल्या पाहिजेत. प्रार्थनासभेत शिरून दंगा करणे हे हिंदू समाजाच्या परंपरेला शोभणारे नाही आणि फसवणुकीच्या धर्मांतराकडे डोळेझाक करणे हे त्याच्या हिताचे नाही. जेथे फसवणूक आहे तेथे कायदा आहे. त्याचा आधार घ्यावा. जेथे केवळ चार कुटुंबे एकत्र बसून देवाचे नाव घेत आहेत, तेथे शेजारधर्म पाळावा.

आपल्या दाराशी कोण येते?

तथापि, या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न मंडळीला विचारायचा नाही. तो आपल्याला विचारायचा आहे. कापूस पिकवणारा हा प्रदेश गेली अनेक वर्षे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळला आहे. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा जिल्हा होता. पैशाचे पॅकेज आले, अधिकारी आले, पंचनामे झाले. तेराव्या दिवसानंतर त्या विधवेच्या दारी दर महिन्याला कोण गेले? तिच्या मुलाची शाळा सुटली की चालू आहे, हे कोणी पाहिले? पुण्या-मुंबईला नोकरीस गेलेल्या मुलांचे वृद्ध आईबाप सणाला फोनवर भेटतात. एरवी त्यांची चौकशी कोण करतो? अशा घरात कोणीतरी अनोळखी माणूस येऊन दोन घटका बसला, त्याने हात धरून प्रार्थना केली, पुन्हा येण्याचे आश्वासन दिले आणि खरोखरच पुन्हा आला, तर त्या घरातील माणसाने त्याच्याकडे का ओढले जाऊ नये? त्याला आमिषाचे नाव देऊन आपल्या अनुपस्थितीचा प्रश्न सुटत नाही.

आणि आणखी एक कटू सत्य. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांच्यापैकी काहींना मंडळीच्या बाकावर प्रथमच कोणाच्या तरी शेजारी बसता आले. पुढे तिथेही जातीची भुते पोहोचली, ही गोष्ट खरी आहे. ख्रिस्ती समाजातील जातिभेदावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कठोर टीका केली होती. पण त्यांच्या चर्चमधील दोष दाखवून आपल्या पाणवठ्याचा इतिहास पुसला जात नाही.

हिंदू समाजाकडे साधनांची वाण नाही. गावोगावी भजनी मंडळे आहेत, हरिपाठ आहे, हनुमान मंदिराचा पार आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तर याच विदर्भात सामुदायिक प्रार्थनेची चळवळ उभी केली. जात न पाहता सर्वांनी एका ओळीत बसून प्रार्थना करावी आणि उठल्यावर गावाची सफाई करावी, अशी त्यांची शिकवण होती. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा अनेक गावांत आहेत. संघाच्या शाखेतही एखादा स्वयंसेवक चार दिवस आला नाही, तर त्याच्या घरी जाण्याची पद्धत आहेच. मंडळी जे करते ते आपल्याला अपरिचित नाही. आपण ते अनेक ठिकाणी सोडून दिले आहे, एवढेच.

म्हणून प्रत्येक भजनी मंडळाने, प्रत्येक मंदिर समितीने वर्गणीच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवावी. गावातील एकाकी वृद्ध, आजारी माणसे, कर्ता पुरुष गमावलेली घरे आणि आजवर पारावर न बोलावलेली वस्ती यांची नावे तिच्यात लिहावीत. महिन्यातून एकदा त्या प्रत्येक घरी कोण गेले, याची नोंद एकादशीच्या भजनानंतर सर्वांसमोर वाचावी. ज्या महिन्यात एखाद्या नावासमोरची जागा रिकामी राहील, त्या महिन्यात धर्मांतरावरील भाषण ठेवण्याऐवजी दोघांनी उठून त्या घरी जावे.