तळघरातील शयनगृह आणि दुसरी वाट

उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशांत हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते. घराचा पाया त्या गोठणाऱ्या थराच्याही खाली न्यावा लागतो. एवढे खणणे आलेच, म्हणून घराखाली तळघर बांधण्याची रीत तेथे रूढ झाली. पूर्वी त्यात कोळसा, भट्टी आणि अडगळ असे. पुढे कुटुंबे वाढली, भाडेकरू आले आणि त्याच जागेत पलंग मांडले गेले. जागेचा उपयोग बदलला. बाहेर पडण्याची वाट मात्र पूर्वीचीच, एकुलता एक जिना, राहिली.

आग लागली म्हणजे हा जिनाच दगा देतो. तप्त धूर वर चढतो आणि जिन्याची पोकळी धुराड्याचे काम करू लागते. यास्तव अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी आधारभूत मानलेल्या निवासी बांधकाम संहितेनुसार तळघरातील शयनगृहास थेट बाहेर नेणारी संकटकालीन खिडकी अथवा दार आवश्यक असते. खिडकीची उंची किमान २४ इंच, रुंदी किमान २० इंच, आणि तळकड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा उंच नको. पण एवढ्याने भागत नाही. २० गुणिले २४ इंचांची खिडकी जेमतेम ३.३ चौरस फूट भरते. संहितेला सामान्यतः ५.७ चौरस फूट मोकळी वाट हवी असते, आणि तीही काचेच्या मापाने नव्हे, तर खिडकी उघडल्यावर प्रत्यक्ष मिळणारी. हा हट्ट अनाठायी नाही. त्या वाटेने घरातील माणसाला बाहेर यायचे असते, तसेच पाठीवर हवेचे नळकांडे बांधलेल्या अग्निशामक जवानालाही आत शिरायचे असते. खिडकी जमिनीच्या पातळीखाली असेल, तर बाहेर खड्डा बांधावा लागतो, आणि तो ४४ इंचांहून खोल असल्यास त्यात कायमची शिडी हवी.

पायाची भिंत कापणे खर्चाचे काम आहे, हे खरे. म्हणून काही घरमालक नकाशात त्या खोलीला ‘अभ्यासिका’ म्हणतात आणि रात्री तेथेच मुलांना निजवतात. ही काटकसर नव्हे. चोराच्या भयाने खिडकीला पक्के गज ठोकणारेही असतात. संहिता गजांना मनाई करीत नाही, परंतु ते आतून किल्लीवाचून आणि हत्यारावाचून उघडले पाहिजेत.

पुरापुढे मात्र ही खिडकी पुरी पडत नाही. पाणी कित्येकदा तिच्यातूनच आत येते. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री न्यूयॉर्क शहरात अतिवृष्टीने १३ माणसे दगावली, त्यांपैकी ११ तळघरांतील घरांत. भारतात घराखाली शयनगृह क्वचितच आढळते, पण तळघराचा उपयोग बदलण्याची सवय येथेही आहे. दिल्लीत २७ जुलै २०२४ रोजी एका शिकवणी संस्थेच्या तळघरातील वाचनालयात पाणी शिरून ३ विद्यार्थी बुडाले. कागदोपत्री ती जागा वाहने आणि सामान ठेवण्यासाठी होती.