चोपड्या जाळल्या तो धडा



आठवीला इतिहास शिकवायला लागून मला 19 वर्षं झाली. पानिपत असो, 1857 असो, आवाज कधी अडखळत नाही. एकच जागा अशी आहे की ती जवळ आली की आदल्या रात्री झोप नीट लागत नाही. 1875 चा शेतकऱ्यांचा उठाव, ज्याला दख्खनचे दंगे म्हणतात. पुस्तकात तो थोडक्यात उरकतो. आपल्या नगर जिल्ह्यातल्या (कागदावर आता अहिल्यानगर, जीभ अजून वळत नाही) वर्गात मात्र तो तेवढ्यावर थांबत नाही.

12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सुरुवात झाली. मग लोण आपल्याकडे आलं, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत. लोकांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली, कर्जरोखे आणि हिशेबाच्या चोपड्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. सावकार बहुतेक मारवाडी आणि गुजराती. माझं आडनाव मुलांना सांगावं लागत नाही. बाजारपेठेतल्या पाट्यांवरून ते त्यांना पाठ असतं.

यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. पारनेरकडून रोज एसटीने येतो, अभ्यासात बरा आहे. "मॅडम, म्हणजे तुमचेच लोक ना?" त्यात खवचटपणा नव्हता, पण वर्ग हसला. आपल्यातलीच एक मुलगी मान खाली घालून वहीत रेघा मारायला लागली. आणि मी? मी म्हणाले, "परीक्षेला साल विचारतात, साल लिहून घ्या." तास संपायला 20 मिनिटं होती. ती मी वह्या तपासण्यात घालवली.

संध्याकाळी त्या मुलीच्या आईचा फोन आला. स्थानकात आम्ही नेहमी भेटतो. "भाभी, तुम्ही तरी आपल्या आहात. तेवढा भाग घरी वाचायला सांगून सोडून द्या ना. पोरींना चिडवतात हो." मी "बघते" म्हणाले. खरं सांगायचं तर मला ते पटलंही होतं.

रात्री प्रतिक्रमणाला बसले. दुसऱ्या व्रताचे अतिचार म्हणताना खोटा लेख लिहिण्याचा दोष आला. तिसऱ्याचे आले, त्यात खोटं वजन, खोटं माप. लहानपणी पाथर्डी बोर्डाच्या परीक्षेसाठी हे सगळं घोकलं होतं, तेव्हापासून तोंडात आहे. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, हे दोष श्रावकांसाठी मोजून ठेवलेत, म्हणजे व्यापार करणाऱ्याच्या हातून ते घडतात हे आपल्या आचार्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी ते लपवले नाहीत, रोज म्हणायला लावले. मग वर्गात मी कशाला लपवतेय?

दुसऱ्या दिवशी तोच धडा परत काढला. मुलांना सांगितलं, काल मी प्रश्न टाळला, उत्तर आहे, "हो, त्यातले बरेच माझ्या समाजाचे होते." आता हसलं कोणी नाही.

मग फळ्यावर गणित मांडलं. माझंच उदाहरण: 100 रुपये कर्ज, दर साल शेकडा 24. 1859 च्या कायद्याने रोख्याची मुदत 3 वर्षं केली होती, शेतकऱ्याचं भलं व्हावं म्हणूनच. झालं उलटं. 3 वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा, परत 3 वर्षांनी नवा. पहिल्या रोख्याअखेर 172, दुसऱ्याअखेर 295 च्या वर, तिसऱ्याअखेर 508 च्या वर. हिशेब सगळ्यात आधी कोणी सोडवला? त्याच आपल्या मुलीने. दुकानदाराची पोर! आकडा सांगितला आणि स्वतःच गप्प झाली. "आणि मॅडम, अंगठा लावणाऱ्याला वाचता येत नसेल तर?" असं तिनेच विचारलं.

पण तिथे थांबले असते तर तोही अर्धाच इतिहास झाला असता. शेतकरी कर्जात गेला का? अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, उधार हवं तेवढं मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळला. त्याच सुमारास सरकारने सारा वाढवला, आणि तो रोख, ठरल्या तारखेलाच भरायचा, पाऊस पडो न पडो. सावकाराच्या दारात शेतकऱ्याला ढकलणारा हात गोऱ्या सरकारचाही होता. दंग्यानंतर सरकारने आयोग नेमला. आयोगाने बोट सावकाराकडे दाखवलं, साऱ्याकडे नाही. मी विचारलं, अहवाल लिहिला कोणी? पारनेरचा तोच मुलगा म्हणाला, "ज्यांनी सारा वाढवला त्यांनीच." एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं उत्तर क्वचित मिळतं.

दंगेखोरांचं एक वैशिष्ट्यही सांगितलं. सावकाराने कागद मुकाट दिले तिथे बहुतेक वेळा त्याच्या अंगाला हात लागला नाही. त्यांना कागद हवे होते. आणि 1879 च्या कायद्याने पुढे कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला.

मैत्रिणींनो, माझं म्हणणं असं आहे. धडा गाळला म्हणून तो पुसला जात नाही. एसटी स्टँडवर पोरांना "मारवाड्यांनी लुटलं" एवढंच ऐकू येतं. आपल्या घरात, दिवाळीला वहीपूजन करताना, "आपण गावं उभी केली" एवढंच. दुष्काळात उधारीवर धान्य देणारेही आपल्यात होते आणि कागदात फसवणारेही होते. हे दोन्ही अर्धे एकत्र भेटतात ते वर्गातल्या 35 मिनिटांत. अनेकान्तावर व्याख्यानं ऐकून घरी आल्यावर आपल्याच बाबतीत एकच बाजू धरायची, हे मला जमेना. चिडवणाऱ्यांना मी ओरडेन, तो माझा बंदोबस्त. पण धडा सोडणार नाही.

त्या आईला फोन करून हे सांगितलं. "तुमचं तुम्ही बघा भाभी," म्हणाल्या, आवाज कोरडा होता. स्थानकात आता जरा लांब बसतात. मुलगी मात्र परवा मधल्या सुट्टीत आली. विचारत होती, तिच्या पणजोबांच्या जुन्या चोपड्या माळ्यावर आहेत, अक्षर घरात कोणालाच लागत नाही, रद्दीत टाकायचं चाललंय, मी बघेन का? मला तरी ते अक्षर कुठे येतं. तरी म्हटलं, घेऊन ये.