शौकतची व्हॅन आणि आपली अयादत

ऑगस्ट २०१८ मध्ये आकर्ष खुराणाचा 'कारवां' आला, तेव्हा इरफान खान आजारी असल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरची बातमी त्याने मार्चमध्ये स्वतःच दिली होती. सिनेमात बंगळूरच्या अविनाशचे वडील बस अपघातात जातात आणि त्याच्या हाती भलताच मृतदेह येतो. तो बदलून घ्यायला अविनाश आणि त्याचा मित्र शौकत, म्हणजे इरफान, व्हॅन घेऊन कोचीला निघतात. मागे शवपेटी, पुढे थट्टा आणि भांडणं.

मय्यत सोबत असताना हसणं ही बेअदबी, असं आपल्यातले काही म्हणतील. मला ते पटत नाही. शौकत मेलेल्या माणसाला हसत नाही. तो मित्राला एकटा पडू देत नाही, एवढंच.

इथे पिंपळगाव रेणुकाईत माझ्या एका मित्राला घशाचा कर्करोग झाला. मिरचीच्या धंद्यातला, बोलका माणूस. घरच्यांनी आजाराचं नाव घेणंच बंद केलं. भेटायला येणारे चेहरा पाडून बसत, दुआ करून पाच मिनिटांत उठत. एकदा तो मला म्हणाला, "सर, मैं अभी मरा नै ना, फिर लोगां पुरसा कायकू देरे?"

छत्रपती संभाजीनगरला रेडिएशनसाठी आम्ही मित्र पाळीपाळीने त्याला गाडीतून न्यायचो. गाडीत सगळ्यांचे डोळे रस्त्यावर असतात, त्यामुळे अवघड गोष्ट बोलता येते. एका सकाळी भोकरदन सोडल्यावर आम्ही त्याच्या जुन्या उधारीवरून त्याला चिडवत होतो. तो हसला आणि त्या हसण्यातच म्हणाला, "लिहून घ्या, कुणाचे किती द्यायचेत." घरी हा विषय काढला की बायको रडायची, मुलगा उठून जायचा. कर्ज फेडून जाणं किती महत्त्वाचं, हे आपण मुलांना मक्तबपासून शिकवतो. पण मरणाऱ्याला मरणाचं नावच घेऊ द्यायचं नाही, मग त्याने हिशेब कुणाला सांगायचा?

जून २०१८ मध्ये लंडनहून लिहिलेल्या पत्रात इरफानने स्वतःची गोष्ट सांगितली होती. आपण भरधाव गाडीत बसलोय, आणि तिकीट तपासनीस खांद्यावर हात ठेवून सांगतो की तुमचं स्टेशन आलं. २५ एप्रिल २०२० ला त्याची आई सईदा बेगम जयपूरला गेली. लॉकडाऊन होता, त्याला जाता आलं नाही. चार दिवसांनी तोही मुंबईत गेला. वर्सोव्याच्या कब्रस्तानात मोजकीच माणसं हजर राहू शकली.

तेव्हा रस्ते बंद होते. आज ते उघडे आहेत. मुसलमानाचे मुसलमानावर जे हक्क सांगितलेत, त्यांत जनाज्यासोबत जाणं आहे, तशी अयादतही आहे. जनाज्याला आपण गावभर गोळा होतो. अयादतीला मात्र घड्याळ बघतो.

मित्र गेला, तेव्हा ती यादी माझ्या खिशात होती. त्याच्या मुलाने दोन महिन्यांत सगळ्यांचे पैसे चुकते केले. पुढच्या वेळी कुणाला भेटायला जाल तेव्हा जरा टेका, एखादी जुनी गंमत काढा. त्याला काही सांगायचं असेल, तर तो सांगेल.