क्लब घेतला म्हणजे गाव विकत घेतलं नाही

७ मे २०१२ रोजी ब्लॅकबर्न रोव्हर्स घरच्या मैदानावर विगनकडून १-० असे हरले आणि प्रीमियर लीगमधून बाहेर फेकले गेले. त्या सामन्यात कुणीतरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. आपल्याकडे तो फोटो गंमत म्हणून फिरला. मला त्यात गमतीचं काहीच दिसलं नाही, आजही दिसत नाही. ती कोंबडी पुण्याच्या मालकांना उद्देशून होती आणि तिच्यामागे एका अख्ख्या गावाचा तळतळाट होता.

कोंबड्यांचा व्यवसाय करणाऱ्या पुण्याच्या वेंकीज कंपनीने नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. १८७५ मध्ये स्थापन झालेला, १८८८ च्या पहिल्यावहिल्या फुटबॉल लीगचा संस्थापक सदस्य असलेला, सहा वेळा एफए कप आणि १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला हा क्लब. लीग जिंकली तेव्हाचा मालक जॅक वॉकर त्याच गावातला पोलादाचा व्यापारी होता. नव्या मालकांनी महिनाभरात मॅनेजर सॅम अलार्डाइसला काढलं. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता, म्हणजे कुठलंही संकट नव्हतं. त्याच्या जागी आणलेल्या स्टीव्ह कीनला कुठल्याही संघाचा मुख्य मॅनेजर म्हणून अनुभव नव्हता. दीड हंगामात क्लब खाली घसरला. पुढच्या हंगामात मॅनेजर हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला, मायकेल अ‍ॅपलटन ६७ दिवस. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडला. इंग्लंडचा माजी विजेता क्लब तिसऱ्या श्रेणीत! पुढच्याच वर्षी तो एक पायरी वर आला खरा, पण प्रीमियर लीगचं दार त्यानंतर उघडलेलं नाही.

हा क्लब घेतला गेला तेव्हा पुण्यात अनेकांचा ऊर भरून आला होता. मी पुण्याचा आहे, म्हणून हे सांगणं माझं काम आहे: त्या अभिमानाला काडीचाही आधार नव्हता. आजही असा युक्तिवाद कानावर येतो की गोऱ्यांनी आपल्याला दीडशे वर्षं लुटलं, आता त्यांचा क्लब आपल्या मुठीत, त्यात वाईट काय? हा युक्तिवाद मला किळसवाणा वाटतो. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं कापडगिरण्यांचं गाव. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात तिथला कापूस यायचा थांबला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्या वऱ्हाडातल्या कापसाकडे मोर्चा वळवला. नफा गिरणीमालकांनी आणि दलालांनी खाल्ला. त्याच टंचाईत गिरण्या बंद पडून ब्लॅकबर्नचे कामगार उपाशी राहिले. आज क्लबच्या ईवुड पार्क मैदानात बसतात ती त्यांची पतवंडं. त्यांच्या छातीवर पाय देऊन कोणत्या साम्राज्याचा सूड उगवला जातो? आणि आज त्या गावात गुजराती आणि पाकिस्तानी मुळांची हजारो माणसं राहतात. क्लब त्यांचाही आहे.

मालकांच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे आणि तो मी दडवणार नाही. वर्षानुवर्षांचा तोटा त्यांनी भरून काढला. कोट्यवधी पौंड ओतले. ते पैसे आले नसते तर क्लब बुडाला असता. पण क्लब असा परावलंबी झाला कुणाच्या कारभारामुळे? प्रीमियर लीगच्या टीव्हीच्या पैशातून क्लब बाहेर पडला तो त्यांच्याच निर्णयांनी. आणि पैसे भरणं म्हणजे जबाबदारी घेणं नव्हे. भारतातल्या एका तपासामुळे मालकांना इंग्लंडला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली, आणि लँकेशायरमधल्या क्लबाचं भवितव्य दिल्लीतल्या तारखांवर लटकलं. पैशांची अशी ओढाताण असताना फेब्रुवारी २०२४ मध्ये अ‍ॅडम व्हॉर्टन हा गावातच जन्मलेला, क्लबाच्या अकादमीत वाढलेला पोरगा क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. काही महिन्यांतच तो युरो स्पर्धेसाठी इंग्लंडच्या संघात होता. मालक मैदानाकडे फिरकत नाहीत, ही तिथल्या पाठीराख्यांची कित्येक वर्षांची तक्रार आहे. २०१६ मध्ये त्यांनी एका सामन्यात अठराव्या मिनिटाला आत येऊन पंचाहत्तराव्या मिनिटाला बाहेर पडत निषेध केला. अठरा-पंचाहत्तर, क्लबाचं जन्मवर्ष. मालकांनी त्यांच्यासमोर बसून उत्तर द्यायला हवं होतं.

दोष एकट्या पुण्याचा नाही. इंग्लिश फुटबॉलने दार सताड उघडं ठेवलं होतं. शेजारच्या बरी गावाचा, १८८५ मध्ये स्थापन झालेला क्लब डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला. शेफील्ड वेन्सडेच्या खेळाडूंचे पगार २०२५ मध्ये वारंवार थकले, क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनात गेला आणि शिक्षा काय, तर संघाचे १२ गुण कापले. पैसे थकवले मालकाने, गुण गेले खेळाडूंचे, आणि हंगामाचं तिकीट आधीच काढून बसलेल्या माणसाच्या पदरात पडली ती घसरण. हा न्याय नाही. हा राग चोराला सोडून घरमालकावर काढणं आहे.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉल गव्हर्नन्स कायदा मंजूर झाला. वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांना आता परवाना लागेल, मालकाची पात्रता स्वतंत्र नियामक तपासेल, आणि नालायक ठरलेल्या मालकाला बाहेर काढण्याचा अधिकारही त्याला आहे. हा कायदा पाठीराख्यांच्या अनेक वर्षांच्या रेट्याने आला. प्रीमियर लीग त्याला अखेरपर्यंत नाकं मुरडत राहिली. तरी तो अपुरा आहे. पाठीराख्यांशी सल्लामसलत करा, असं तो सांगतो. जर्मनीत बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सदस्यांच्या हाती असतात. सल्ला ऐकून कचऱ्यात टाकता येतो, मत असं फेकून देता येत नाही.

आपल्याकडे मँचेस्टर, लिव्हरपूल, आर्सेनलचे शर्ट घालून शनिवारी रात्र जागवणारी पोरं हजारो आहेत. ज्या क्लबाचं मुख्यालय म्हणावं असं कार्यालय आपल्याच शहरात आहे, त्याच्याबद्दल त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. आपल्या पत्रकारांनीही नाही. लँकेशायरहून पुण्यापर्यंत आवाज पोचत नाही असं मालकांना वाटत असेल, तर तो इथून उठवला पाहिजे.

मागणी साधी आहे. मालकांनी ईवुड पार्कला जावं, पाठीराख्यांसमोर उघड सभा घ्यावी, पुढच्या तीन हंगामांचा पैसा कुठून येणार हे कागदावर दाखवावं आणि क्लब किती किमतीला सोडणार ते सांगावं. हे जमत नसेल तर विकून टाकावा, आणि पहिली संधी पाठीराख्यांच्या ट्रस्टला द्यावी.