मामा, मी मागे पडतोय का?

परवा भाच्याचा फोन आला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे त्याचं. "मामा, रोज नवीन काहीतरी येतंय. एक शिकायला घ्यावं तोवर दुसरं हजर. मी मागे पडतोय असं वाटतं. तू कसं सांभाळतोस?"

खरं सांगायचं तर मी सांभाळत नाही. पण पोराला फोनवर असं कसं सांगायचं? तेव्हा काहीतरी थातुरमातुर बोललो. आता इथे नीट लिहितोय. (तोही वाचतो हे.)

एके काळी मी सगळं वाचायचो. सकाळी चहाच्या आधी गूगल रीडर उघडायचा. न वाचलेले लेख हजारावर गेले की तो नुसतं '१०००+' दाखवायचा आणि मला ती उधारीची वही वाटायची. याच नादात २००९ साली अप्पा बळवंत चौकातून सिल्व्हरलाइटचं जाडजूड पुस्तक आणलं. मायक्रोसॉफ्टचं आहे म्हणजे टिकणारच, अशी खात्री! वर्षभराचे रविवार त्यात घातले. लेक म्हणायची, "बाबा, पर्वतीवर जाऊ या ना." मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी."

डिसेंबर २०११ मध्ये सिल्व्हरलाइटची शेवटची मोठी आवृत्ती आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला उरलासुरला आधार देणंही थांबवलं. माझं पुस्तक त्याच्या कितीतरी आधी रद्दीत गेलं होतं. ज्याच्याशी त्याची स्पर्धा होती ते फ्लॅशही २०२० अखेर संपलं. आणि गूगल रीडर? तो तर १ जुलै २०१३ लाच बंद झाला. असो.

याउलट गिट. लिनस टॉरवाल्ड्सने ते २००५ साली लिहिलं, मी शिकलो २०१२ मध्ये. सात वर्षं उशिरा! काय बिघडलं? काही नाही. उलट तोवर इतरांच्या ठेचा खाऊन झाल्या होत्या आणि शिकवणारं चांगलं साहित्य तयार होतं. टिकणारी गोष्ट आपल्यासाठी थांबते. न टिकणारीसाठी आपण का धावायचं?

मग बातम्या वाचायच्याच नाहीत का? तसं नाही. इथे माझी एक फजिती सांगतो.

१० डिसेंबर २०२१, शुक्रवार. जावामधल्या लॉगफोरजे या लायब्ररीतलं भगदाड जगजाहीर झालं होतं. सर्व्हरवर काय काय घडलं याची नोंद ठेवणं हे तिचं काम. पण कुणी मुद्दाम रचलेला मजकूर पाठवला आणि तो नोंदीत गेला, की सर्व्हर परक्या ठिकाणाहून प्रोग्रॅम आणून चालवू शकत असे. अशा वेळी मी काय करत होतो? दोन जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कपैकी वेगवान कोणतं, यावरचे लेख चवीने वाचत होतो. शनिवारी दुपारी सहकाऱ्याचा फोन आला तेव्हा कळलं. आमच्या दोन सर्व्हरवर ती लायब्ररी होती. रात्री दीडपर्यंत बसून बदलली. नुकसान झालं नाही, पण ते नशीब. माझी हुशारी नव्हे. एवढं वाचणाऱ्या माणसाला कामाची बातमी दुसऱ्याच्या तोंडून कळली!

तेव्हापासून माझा साधा हिशेब आहे. आपण जे वापरतो त्यातल्या सुरक्षेच्या सूचना त्याच दिवशी वाचायच्या. नव्या आवृत्तीत काय बंद होणार, हे महिन्यातून एकदा बघायचं. बाकी 'आता हेच भविष्य' छापाचं सगळं वर्षभर मुरू द्यायचं. वर्षानंतरही लोक बोलत असतील तर शिकायचं.

"पण आता एआयच कोड लिहून देतं, मग?" असं भाचा विचारणारच. अरे, तेच लिहिलेलं बरोबर की चूक हे ठरवायला पाया लागतो. एसक्यूएलचा जन्म १९७० च्या दशकातला, टिम बर्नर्स-लींची वेबची कल्पना १९८९ ची. दोन्ही अजून रोज लागतात. ब्राउझरने विनंती पाठवल्यावर सर्व्हरपर्यंत काय काय होतं, हे कागदावर काढून दाखवता येतं का तुला? नसेल तर ते आधी. त्यात मागे पडलास तर मात्र मी रागावेन.

लेक आता बंगलोरला नोकरी करते. दिवाळीत आली तेव्हा मीच तिला म्हटलं, "पर्वतीवर जाऊ या का?" ती म्हणाली, "बाबा, कॉल आहे. पुढच्या वेळी."

तेव्हा भाचेबुवा, रविवारी बातम्या वाचू नकोस. बाकी तुमचं काय मत, मंडळी? कळवा.