दर करार सोपा, पण यादीत आपण आहोत का?

सरकारी कार्यालयाला खुर्च्या, कागद किंवा संगणक लागले की दरवेळी निविदा काढण्यात महिने जातात. त्यावर उपाय म्हणजे दर करार. दर, दर्जा आणि पुरवठादार एकदाच ठरतात. मग मुदत संपेपर्यंत कार्यालये थेट मागणी नोंदवतात. वेळ आणि कागदपत्रे दोन्ही वाचतात.

पण मेख इथेच आहे. करार होताना जो बाहेर राहिला, तो बहुधा मुदतभर बाहेरच राहतो. उलाढाल आणि अनुभवाच्या मोठ्या अटींमुळे नवा उद्योजक दारातच अडतो.

केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात आज सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २५ टक्क्यांचे उद्दिष्ट आहे. त्यात एकूण खरेदीच्या ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा आहे. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींतून बौद्ध झालेलेही त्यास पात्र आहेत.

म्हणून तरुणांनो, उद्यम नोंदणी, जातीचे प्रमाणपत्र आणि 'जेम' पोर्टलवरील नोंदणी निविदा निघण्याआधीच तयार ठेवा. कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात प्रत्येक केंद्रीय उपक्रमाला विचारावे : ४ टक्क्यांपैकी प्रत्यक्षात किती दिले? आरक्षण नोकरीपुरते नाही. सरकारी खरेदीतला वाटाही मागावा लागेल.