ऐकत नाही की ऐकू येत नाही?

गेल्या आठवड्यात नातवाचं ऑपरेशन झालं. वय वर्षं सहा. नाकामागे वाढलेले अॅडेनॉइड काढले, कानाच्या पडद्यांमागे साचलेलं चिकट पाणी काढलं आणि पडद्यांत तांदळाच्या दाण्याहून लहान नळ्या बसवल्या. त्यांना ग्रोमेट म्हणतात. घरी आल्यावर स्वारी म्हणाली, "आजी, पंखा वाजतोय!" पंखा आधीपासून वाजतच होता हो! आणि आम्ही मात्र सहा महिने "हाक मारली तरी लक्ष नसतं" म्हणून त्याला रागावत होतो.

सगळे हसले. मला मात्र १९८३ सालचा पाचवीचा वर्ग आठवला. एका मुलाचा कान सतत वाहायचा. कानात कापसाचा बोळा, वास यायचा म्हणून शेजारी कुणी बसेना. मीच त्याला शेवटच्या बाकावर बसवलं. शुद्धलेखनात अर्धे शब्द गाळायचा. एकदा चिडून त्याचा कान पिळला, तोही नेमका दुखरा. तो रडला नाही, नुसता बघत राहिला. सातवीत त्याने शाळा सोडली.

फाटलेल्या पडद्याला ठिगळ लावता येतं, हे मला फार उशिरा कळलं. कानाच्या वर, केसांखालच्या स्नायूवरचं पातळ आवरण घेऊन ते पडद्याला लावतात. वास येणाऱ्या स्रावामागे कधी हाड पोखरणारा कोलेस्टिटोमा असतो. तिथे ऑपरेशन टाळलं तर संसर्ग मेंदूपर्यंतही जाऊ शकतो. त्या मुलाला काय होतं, कोण जाणे. त्याच्या घरी लसणीचं तेल घालत होते आणि शाळेत मी कान पिळत होते!

प्रत्येक कानाला ऑपरेशन लागतं असं मुळीच नाही. साचलेलं पाणी बरेचदा दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, तेलाच्या वाटीने नाही.

२०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांचे कानही तपासायचे असतात. पण पथक येतं एका दिवसापुरतं, शिक्षक रोज समोर असतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की "ऐकत नाही" असा शेरा लिहिण्याआधी शिक्षकाने मुलाला पुढच्या बाकावर बसवावं आणि पालकांना कान तपासून आणायला सांगावं.

माझ्या वाचकांत शिक्षक बरेच आहेत, म्हणून हे लिहिलं. तो मुलगा आता पन्नाशीचा असेल. कुठे भेटला, तर त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसून माफी मागायची आहे.